कंबर म्हणजे नेमकी कुठली?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आईचं वय ६१, त्या गावी असतात. चार महिने झाले, ‘उजवी कंबर’ दुखते. रात्री उजव्या कुशीवर वळल्या की जाग येते. बसून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं लंगडत टाकतात, मग चाल सुटी होते. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘खुब्याच्या सांध्यात सौम्य झीज’ आलंय. एका डॉक्टरांनी नस दबलीय म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी पुढेमागे खुबा बदलावा लागेल म्हटलं. मध्यंतरी एक इंजेक्शन झालं, महिनाभर बरं वाटलं, मग ये रे माझ्या मागल्या. तुम्ही दोन गोष्टी विचारताय: एमआरआय करून टाकायचा का, आणि नेमकं कधी घाबरायचं?

मी हाडांचा डॉक्टर आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात बावीस वर्षं ओपीडी चालवतोय. आईंना मी पाहिलेलं नाही. त्यांना शुगर आहे का, आधी कुठलं मोठं आजारपण झालंय का, घरात भारी कामं किती, यातलं मला काहीच माहीत नाही. तेव्हा खाली लिहितोय त्याला निदान समजू नका. असा पेशंट दारातून आत आला की माझं डोकं कसं चालतं, ते सांगतो.

सगळ्यात आधी एक अडचण आपल्या भाषेतच आहे. ‘डॉक्टर, कंबर गेली’ म्हणत बाई येते. कुठे दुखतं विचारलं की कोणी माकडहाडाजवळ हात ठेवते, कोणी परकराची नाडी बांधतात तिथे, कोणी मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर, आणि कोणी इकडेतिकडे बघून हळूच जांघेत. या सगळ्याला आपण कंबरच म्हणतो. खुबा हा शब्द घरात पहिल्यांदा निघतो तो आजी न्हाणीघरात पडल्यावर. त्यामुळे तुमच्या आईंबद्दल दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या यात मला नवल वाटत नाही. एकाने मागचं ऐकलं असेल, दुसऱ्याने एक्स-रे बघितला असेल. खरा प्रश्न एमआरआयचा नाहीच, दुखणारी जागा कुठली हा आहे.

म्हणून मी पहिलं काम हेच करतो. पेशंटला उभं करतो आणि सांगतो, एका बोटाने दाखवा. पंजा नको, बोट. तुम्ही आज व्हिडिओ कॉलवर हे करून घेऊ शकता. पंजाने कुठेही हात फिरवता येतो, बोटाला मात्र एक जागा निवडावी लागते.

बोट जांघेत गेलं, तर मी खुब्याच्या सांध्याचा विचार करतो. खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि कटीच्या हाडातली वाटी. तो खूप आत असतो, बाहेरून हाताला लागत नाही, आणि त्याचं दुखणं बहुतेक वेळा पुढे, जांघेत येतं. काही जण बोट ठेवत नाहीत, अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी पकड खुब्याभोवती घालून दाखवतात. तीही खूण सांध्याचीच. आणि हे दुखणं मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरतं, कधी तर नुसतं गुडघ्यातच कळतं. एक आजोबा तीन महिने गुडघ्याला तेल चोळून घेत होते, गुडघ्याचे दोन एक्स-रे फाइलमध्ये होते आणि दोन्ही त्यांच्या वयाला झकास होते. उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय नुसता आत-बाहेर वळवला, तसे ते ओरडले. दुखत होता खुबा, बोंब मारत होता गुडघा. दोन्हीकडे जाणाऱ्या नसांची मुळं सामायिक असतात, म्हणून मेंदूची गल्लत होते.

सांधा खराब होतो तेव्हा त्याचं वळणं आधी जातं. दुखणं कमी-जास्त होतं, पण वळण गेलेलं घरच्या घरी दिसतं. पायाची नखं कापायला जमत नाहीत. पायजम्यात पाय घालताना पलंगावर बसावं लागतं. मांडी घालून बसलं की एक गुडघा दुसऱ्यापेक्षा बराच वर राहतो. मोटरसायकलवर टांग टाकता येत नाही, एसटीची पायरी चढताना दांड्याला लटकावं लागतं. यातल्या दोन-तीन गोष्टी आईंना लागू असतील तर माझा कल सांध्याकडे झुकेल. नसतील, तर रिपोर्टातल्या ‘सौम्य झीज’ला मी फारसा भाव देणार नाही. साठी ओलांडलेल्या, काही दुखत नसलेल्या माणसांच्या एक्स-रेतही झीज दिसते. माझाच काढला तर त्यातही हा शब्द येईल.

बोट मागे, कुल्ल्यावर किंवा कंबरेच्या मणक्याशी गेलं, तर दुखणं बहुधा पाठीतून येतंय. ते मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरीत, कधी पावलापर्यंत जातं. सोबत मुंग्या, बधिरपणा. खोकलं-शिंकलं की कळ. बराच वेळ उभं राहिलं की पाय भरून येतात आणि बसलं की सुटतात, हीही मणक्याचीच तक्रार. ‘नस दबलीय’ हे इथे खरं असू शकतं. पण आईंचं दुखणं गुडघ्याखाली जात नसेल, तर नसेला उगाच आरोपी करू नका.

एक छोटं प्रकरण मध्येच सांगून टाकतो, कारण ते बायकांत मी बऱ्याचदा बघतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, कातडी बधिर वाटते, साडीचा स्पर्शही नकोसा होतो, पण सांधा-मणका सगळं ठीक. तिथल्या कातडीला जाणारी एक बारीक नस पोटाच्या कडेने खाली येते आणि घट्ट आवळलेल्या नाडीखाली किंवा पट्ट्याखाली दाबली जाते. परकराची नाडी सैल करायला सांगणं हा माझ्या फीच्या मानाने अगदीच स्वस्त उपाय आहे, पण बऱ्याच जणींना त्यानेच फरक पडतो.

आता तिसरी जागा. तुमच्या वर्णनावरून मला सगळ्यात जास्त शक्यता याच जागेची वाटते: बोट खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर गादीत रुततो त्या हाडाच्या उंचवट्यावर.

त्या उंचवट्याला कुल्ल्याचे दोन महत्त्वाचे स्नायू येऊन चिकटतात. त्यांचं काम साधं वाटतं पण ते दिवसभर चालू असतं. चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एका पायावर असतो, आणि त्या क्षणी दुसरी बाजू खाली पडू नये म्हणून हे स्नायू कटी धरून ठेवतात. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तो दोरीसारखा भाग, म्हणजे कंडरा, चाळिशीनंतर हळूहळू विरायला लागतो. बायकांत हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त. त्यात पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की ही कंडरा उंचवट्यावर दाबली जाते. मग आपल्या सवयी बघा. एका पायावर भार टाकून, कंबर मोडून ओट्याशी उभं राहणं. खुर्चीत पायावर पाय. एका बाजूला कळशी, कडेवर नातू. बाया पिढ्यान् पिढ्या हे करत आल्यात आणि सगळ्यांचंच काही दुखत नाही, हे खरं. पण एकदा कंडरा दुखायला लागली की याच गोष्टी तिला बरं होऊ देत नाहीत.

रात्रीचं कोडंही यातूनच सुटतं. उजव्या कुशीवर झोपलं की हाड गादीवर दाबलं जातं. डाव्या कुशीवर वळलं तर वरचा उजवा पाय पुढे घरंगळतो, मध्यरेषेच्या पलीकडे जातो आणि कंडरा ताणली जाते. म्हणून पेशंट सांगतात की कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. त्यांना वाटतं दुखणं सगळीकडे पसरलं. तसं नसतं.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. दाराच्या चौकटीला बोटांचा आधार घेऊन दुखऱ्या पायावर एकटीने तीस सेकंद उभं राहायचं. तेवढ्यात त्या उंचवट्यावर नेहमीचं दुखणं उमटलं, तर संशय पक्का होतो. आईंचा तोल जात असेल तर हा प्रयोग करू नका, आणि केला तर शेजारी कोणीतरी उभं असू द्या.

उपायाचं सांगताना आधी स्वतःची कबुली देतो. पहिली सात-आठ वर्षं मी या दुखण्याला सरळ स्टिरॉइडची सुई द्यायचो. पेशंट तीन दिवसांत हसत यायचा, मला बरं वाटायचं, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच पेशंट पुन्हा दारात. तुमच्या आईंच्या बाबतीत हेच झालंय. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. याच दुखण्याचे २०४ जण, तीन गट. एका गटाला व्यायाम आणि उठण्या-बसण्याची शिकवण, दुसऱ्याला स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं थांबायला सांगितलं. आठ आठवड्यांनी ‘चांगला फरक आहे’ म्हणणारे पहिल्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनवाल्यांत ५८ आणि थांबलेल्यांत २९. वर्षाने इंजेक्शनवाले आणि नुसते थांबलेले जवळजवळ एका रांगेत आले. व्यायामवाले तेव्हाही पुढे होते, जरी दुखण्याच्या तीव्रतेत तोवर गटागटांत मोठं अंतर उरलं नव्हतं. इंजेक्शन वाईट नाही. झोपच लागत नसेल, व्यायाम करताच येत नसेल, तर मी आजही एखादं देतो. शुगर असेल तर आधी सांगून देतो, कारण त्यानंतर काही दिवस साखर वर जाते. पण सुई देऊन पेशंटला नुसतं घरी पाठवणं मी बंद केलंय.

तर आईंनी काय करायचं? झोपताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी किंवा गोधडीची घडी, अगदी घोट्यापर्यंत पोचेल अशी. नुसती गुडघ्यात धरलेली छोटी उशी रात्री कुठे जाते कळत नाही. उभं राहताना दोन्ही पायांवर सारखा भार. पायावर पाय बंद. नातू कडेवर नको, मांडीवर चालेल. जमिनीवरून उठबस काही आठवडे कमी. आणि दुखऱ्या बाजूला ताण देणारे व्यायाम, म्हणजे पाय दुसऱ्या पायापलीकडे ओढणं वगैरे, टाळायचे. इंटरनेटवर तेच सगळ्यात आधी दिसतात, आणि या दुखण्यात ते कंडरेला आणखी दाबतात.

मग ताकद. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, पावलं टेकलेली, आणि कुल्ले हळूच उचलून पूल करायचा. दहा सेकंद धरून खाली. सुरुवातीला सात-आठ वेळा पुरे. हे सोपं वाटायला लागलं की खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठणं-बसणं, आणि पुढे ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं. पुढचे टप्पे फिजिओथेरपिस्टनी समोर करून घेतलेले बरे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. दहापैकी तीन-चारच्या आत राहिलं आणि त्या रात्री झोप मोडली नाही, तर चालतं. रात्र खराब गेली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. हे आठ ते बारा आठवडे चालतं. दहा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारे माझ्याकडे निम्म्याहून जास्त आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण पाठपुरावा करायला घरात कोणी नसतं. तुम्ही आठवड्यातून दोनदा फोनवर विचारलंत तरी खूप.

दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल आधी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून महिनोन्‌महिने आणून घेणं नको, विशेषतः बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर. ‘फक्त कंबरेची गोळी’ म्हणून सहा महिने घेतलेल्या आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) वाढून आलेल्या बाया मी पाहिल्यात.

इथवरचं एका दमात: जांघ म्हणजे सांधा, मागे म्हणजे बहुधा पाठ, बाहेर म्हणजे बहुधा कंडरा. आईंचं बोट बाहेर पडलं आणि मांडी नीट घालता येत असेल, तर आज एमआरआय नको. तीन महिने मन लावून व्यायाम करूनही फरक पडला नाही तर बघू.

मग एमआरआय मी कोणाचा लगेच करतो? याचं उत्तर एका माणसामुळे माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. चौतीस-पस्तिशीचा टेम्पोवाला. जांघेत दुखतं म्हणून आला. एक्स-रे स्वच्छ. जाताना खिडकीतून सहज बघितलं, तर मोटरसायकलवर बसण्यासाठी त्याने हाताने पँटचा गुडघा धरून पाय उचलला आणि सीटवरून पलीकडे टाकला. मी कंपाउंडरला पाठवून त्याला परत बोलावलं. खोदून विचारल्यावर कळलं, दोन वर्षांपूर्वी अंगावरच्या चट्ट्यांसाठी कुठूनतरी आणलेल्या गोळ्या त्याने आठ-नऊ महिने घेतल्या होत्या. त्या स्टिरॉइडच्या निघाल्या. एमआरआयमध्ये दोन्ही खुब्यांतल्या हाडाच्या गोळ्यांचा रक्तपुरवठा तुटलेला. डाव्या बाजूला अजून दुखायलाही लागलं नव्हतं.

या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त बंद होतं, हाड आतून मरतं आणि काही महिन्यांत अंगाच्या वजनाने चेपतं. आपल्याकडे तरुण माणसाचा खुबा बदलावा लागतो तेव्हा हे कारण फार वेळा सापडतं. स्टिरॉइड, दारू, पूर्वी खुब्याला झालेली मोठी दुखापत, ही नेहमीची कारणं. कोविडनंतरही, त्या वेळी स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये, असे पेशंट दिसले. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या आदिवासी भागातला पेशंट असेल तर सिकलसेल (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्यातही हाच प्रकार होतो. आणि गावोगाव मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्या. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत आणि जिने दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटतं, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची मला कायम शंका असते. आईंनी असं काही घेतलंय का, हे रागावून न विचारता काढून घ्या. रागावलं की कोणी सांगत नाही.

सुरुवातीला एक्स-रे साफ असतो म्हणूनच इथे एमआरआय उपयोगी. गोळा चेपायच्या आत कळलं तर तो वाचवण्याचे काही मार्ग हातात असतात.

तसाच दुसरा गट पोलीस भरतीच्या पोरांचा. १६०० मीटरचा वेळ कमी करायचा म्हणून दोन महिने डांबरी रस्त्यावर पळतात, जांघेत दुखायला लागतं, आणि ‘जांघाडा भरला’ म्हणत पुढे पळत राहतात. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असू शकतो, आणि त्यावर पळत राहिलं तर ते हाड एक दिवस पूर्ण मोडतं. पळताना जांघेत दुखलं की पळणं त्याच दिवशी बंद, आधी तपासणी.

आता घाबरण्याचं. सगळ्यात आधी पडणं. म्हातारं माणूस पडलं, उठता येत नाही, एक पाय आखूड झालाय आणि पाऊल बाहेर वळलंय, म्हणजे खुबा मोडला असं समजून हलवाहलव न करता थेट हॉस्पिटल. मालिश नाही, हाडवैद्याकडून ‘बसवून घेणं’ नाही. उसण भरल्यावर पायाळू माणसाची लाथ मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. उसणीला त्याने काय होतं मला माहीत नाही, पण मोडलेल्या खुब्याला काय होतं ते मी पाहिलंय. तब्येत झेपत असेल तर हे ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालेलं चांगलं. वयस्कर माणूस जितके दिवस अंथरुणावर पडून राहतं, तितका छातीतल्या कफाचा, पाठीवरच्या जखमांचा, पायात रक्त साकळण्याचा धोका वाढतो. ‘वय झालंय, ऑपरेशन कशाला’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. बहुतेक वेळा वय झालंय म्हणूनच ऑपरेशन लवकर लागतं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे पडून उठलेली आजी. ती चालतेय, म्हणून मोडलं नाही असं घरचे धरतात. हाडाला चीर गेलेली असते पण तुकडे एकमेकांत घट्ट रुतून बसलेले असतात. एक्स-रेतही कधी दिसत नाही. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल आणि त्या पायावर भार देताना कळ येत असेल, तर साफ एक्स-रेवर समाधान मानू नका. सीटी किंवा एमआरआय करून घ्या.

त्याच दिवशी जायच्या आणखी तीन गोष्टी. ताप आणि खुबा हलवताच न येणं: सांध्यात पू होऊ शकतो, आणि तिथे तास मोजायचे असतात. पाठदुखीबरोबर लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायची जागा बधिर होणं. आणि लहान मूल अचानक पायावर उभंच राहत नसेल तर. मुलांमध्ये सर्दी-तापानंतर खुबा दोन-चार दिवस दुखून आपोआप बरा होतो हे खरं, पण तो साधा प्रकार आहे की पू झालाय, हे घरी ठरवता येत नाही. बारा-तेरा वर्षांचा अंगाने भरलेला मुलगा ‘गुडघा दुखतो’ म्हणत पाऊल बाहेर टाकून लंगडत असेल तर त्याच्या खुब्याचा फोटो काढल्याशिवाय परत येऊ नका. वाढत्या वयात गोळा मानेवरून सरकतो आणि दुखतं गुडघ्यात.

आजच पळा असं नाही, पण आठवड्याभरात दाखवाच, अशाही काही तक्रारी आहेत. पडून राहिलं तरी, कुठलीच कूस न दाबता रात्रभर ठणकणं. वजन उतरणं, संध्याकाळी बारीक ताप येणं. हाडांच्या क्षयात मणक्यानंतर खुब्याचाच नंबर लागतो, आणि तो औषधांनी बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, फक्त सांधा खाऊन टाकायच्या आत सापडायला हवा. पूर्वी स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल तर खुब्याचं नवं दुखणं वेगळ्याच नजरेने बघावं लागतं. हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं सलाईन पाच-सहा वर्षं चालू असेल आणि मांडीत दुखायला लागलं, तर मांडीच्या पूर्ण हाडाचा एक्स-रे हवा. चाळिशीच्या आतला माणूस पहाटे दुखण्याने उठत असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेला आणि हिंडल्यावर मोकळा होत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे. आईंना यातलं काही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तरी एकदा विचारून घ्या.

काठीबद्दल. आई लंगडत असतील तर काही आठवडे काठी वापरायला हरकत नाही, पण ती डाव्या हातात. दुखतंय उजवीकडे, काठी डावीकडे. दहापैकी आठ घरांत काठी दुखऱ्या बाजूला दिलेली असते. एका पायावर उभं राहिलं की अंगाचं वजन सांध्यापासून लांब आणि स्नायूची ओढ सांध्याच्या अगदी जवळ असते. बागेतल्या फळीवर एक पोरगं टोकाला आणि दुसरं मधल्या खुंट्याजवळ बसलं तर जवळच्याला किती जोर लागेल, तसं. त्यामुळे स्नायूला दुप्पट ओढावं लागतं आणि सांध्यावर एकूण भार अंगाच्या वजनाच्या अडीच ते तीन पट पडतो. साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर दीडशे ते एकशे ऐंशी किलो. उलट्या हातातली काठी लांब टोकाकडून उचलून धरते, म्हणून थोड्या दाबानेही स्नायूचं काम खूप हलकं होतं. कंडरा दुखत असो की सांधा, फायदा दोन्हीकडे.

खुबा बदलण्याची भीती तुमच्या प्रश्नात मधूनमधून डोकावतेय, म्हणून तेही. आत्ता तुम्ही जे लिहिलंय त्यावर कोणीही खुबा बदलू नये. बदलतात तो सांधा, आणि सांधाच दुखत असल्याचं अजून कुठे ठरलंय? पुढे कधी खरंच वेळ आलीच, तर हे ऑपरेशन भीतीदायक राहिलेलं नाही. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी आजच्या पद्धतीची घडी बसवली. मोठ्या संख्येने रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या देशांतल्या आकड्यांवरून २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने जो हिशोब छापला, त्यात शंभरातले सुमारे ५८ कृत्रिम खुबे पंचवीस वर्षांनीही टिकून होते. गोळ्या घेऊनही झोप लागत नाही, बाजारापर्यंत चालवत नाही, संडासला बसणं-उठणं मुश्किल, असं झालं की त्याचा विचार. रिपोर्टातल्या ‘सौम्य’ या शब्दावर नाही.

आज फोन करून मला एवढं कळवा: आईंचं बोट कुठे गेलं, मांडी घातल्यावर दोन्ही गुडघे सारख्या उंचीला राहतात का, नखं स्वतः कापतात का, दुखणं गुडघ्याखाली जातं का, शुगर आहे का, आणि पुडी-बिडी काही चालू आहे का. जमलं तर आईंना अंगणात दहा पावलं पलीकडे आणि दहा पावलं अलीकडे चालवून कोणाकडून तरी मागून व्हिडिओ काढून घ्या. साडी थोडी वर खोचलेली असू दे, पावलं दिसली पाहिजेत.